मागून बसणारीचं ताट

आमच्याकडे कुणीही आलं, की पाण्याचं तांब्या-भांडं पुढे ठेवून आजी विचारायची, "काल काय जेवलात?" प्रवास कसा झाला, घरचे कसे आहेत, हे सगळं नंतर. समोरचा माणूस जरा गोंधळायचा आणि म्हणायचा, "नेहमीचंच. भाजी-भाकरी." मग आजीचा पुढचा प्रश्न यायचा, "भाकरी केवढी? तव्याएवढी, की तळहाताएवढी?" लहानपणी मला या चौकशीचा संकोच वाटे. मैत्रिणींना घरी आणताना मी आधीच सांगून ठेवायचे, की आजी काही विचारेल, मनावर घेऊ नका. पुढे कळत गेलं, की माणसाची विचारपूस दुसऱ्या कुठल्या रीतीने करायची हे तिला ठाऊकच नव्हतं. जो काय जेवला हे आपल्याला माहीत नाही, तो कसा आहे हे आपल्याला कुठून माहीत असणार, असं तिला मनापासून वाटे.

आजीने १९५०च्या दशकात मुंबईत जीवरसायनशास्त्राचं शिक्षण घेतलं. काही वर्षं प्रयोगशाळेत धान्यं आणि कडधान्यं यांची पृथक्करणं केली, आणि मग निवृत्तीपर्यंत आहार-सर्वेक्षणांच्या कामात खेडोपाडी फिरली. तिच्या नावावर मोठा शोध नाही. काही अहवालांच्या शेवटी बारीक टायपातल्या आभाराच्या यादीत तिचं नाव सापडतं, तेही एकदा चुकीचं छापलेलं. मागे राहिल्या त्या सत्तावीस वह्या. लांबट, लाल पुठ्ठ्याच्या, किराणा दुकानात उधारीला वापरतात तशा. हे पुस्तक त्या वह्यांतल्या निवडक नोंदींचं आहे. नोंदी तुटक आहेत आणि त्यांत आकडे पुष्कळ आहेत. ज्यांचा या शास्त्राशी संबंध आलेला नाही, अशा वाचकाने थेट त्यांत उतरलं तर तो चार पानांत थकेल. म्हणून पुस्तक उघडण्याआधी आहारशास्त्र आपल्याकडे कसं आलं, त्यात कोणकोणते विचार एकमेकांशी झगडले, आणि या झगड्यात आजीची वही कुठे उभी राहते, हे सांगण्याचं काम मी अंगावर घेतलं आहे.

अन्नाचा विचार आपल्याकडे नवा नाही. आयुर्वेदाचं पथ्य-अपथ्य, ऋतूप्रमाणे बदलणारं खाणं, उष्ण-थंड, वातूळ-पित्तकर, बाळंतिणीचे डिंक-अळिवाचे लाडू, संक्रांतीचे तीळ: हे ज्ञान घरात होतं आणि बायकांच्या हातात होतं. त्यातलं बरंच खरं ठरलं, काही चुकीचं ठरलं. त्यात तोलून पाहणं मात्र नव्हतं. आधुनिक आहारशास्त्र सुरू होतं ते तोलण्यापासून, आणि एका विचित्र कोड्यापासून: पोटभर जेवणारा माणूसही अन्नाच्या कमतरतेने मरू शकतो. जावा बेटावर १८९०च्या दशकात क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरला दिसलं, की सडीक पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, माणसांना होणाऱ्या बेरीबेरीसारखे. कोंडा दिला की त्या उठून चालू लागतात. सडताना आपण जे फेकून देत होतो त्यात काहीतरी जीवनावश्यक होतं. १९१२ साली कॅसिमिर फुंकने अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन' हे नाव सुचवलं.

भारतात हे शास्त्र आलं ते याच बेरीबेरीचा माग काढत. १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूर इथे, पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत, रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी काम सुरू केलं. त्या एका खोलीची पुढे न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज झाली, १९५८ साली ती हैदराबादला गेली आणि आज तीच राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅककॅरिसन यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग उंदरांचा आहे. त्यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना देशातल्या वेगवेगळ्या प्रांतांचा आहार दिला. गव्हाची रोटी, दूध, लोणी, डाळ आणि ताज्या भाज्या खाणारा 'पंजाबी' उंदीर अंगाने भरला. सडीक तांदळावरचा मद्रासी आणि बंगाली उंदीर किरकोळ राहिला, आजारी पडला. मराठी आहार या दोन टोकांच्या मधे होता. हा प्रयोग आम्हाला शाळेत शिकवला गेला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने आजीला सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पिंजऱ्यातल्या उंदराला आपल्यातलं काढून कुणाला द्यावं लागत नाही." तेव्हा मी अकरा वर्षांची होते. हे वाक्य समजायला मला पुढची वीस वर्षं लागली.

१९३५ साली कुन्नूरला डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड आले. त्यांनी भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्ते तयार करून छापले. कोणत्या धान्यात किती उष्मांक, किती प्रथिनं, किती लोह, हे एका साध्या पुस्तिकेत आलं, आणि दवाखान्यापासून तुरुंगाच्या भटारखान्यापर्यंत सगळ्यांना वापरता येऊ लागलं. पुढे व्ही. एन. पटवर्धन आणि सी. गोपालन यांनी ही परंपरा चालवली. गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमण्यम यांचं १९७१चं तक्त्यांचं पुस्तक म्हणजे आजीच्या पिढीचा शब्दकोश होता. नाचणीत दर शंभर ग्रॅमला ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. २०१७ साली हैदराबादहूनच ५२८ पदार्थांचे नवे तक्ते आले, देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून केलेले. पण आजीने शेवटपर्यंत जुनंच पुस्तक जवळ ठेवलं, कारण त्याच्या समासात तिने स्वतः भर घातलेली होती. छापील नावं इंग्रजी. तिने शेजारी लिहिलं होतं टाकळा, कुर्डू, घोळ, पाथरी, तांदुळजा, आघाडा, करटुली. एखाद्या गावात त्याच पाल्याला वेगळं नाव मिळालं, तर तेही, गावासह. शेतात निंदणी करता करता बाई ओच्यात जो पाला खुडून आणते, त्याचं नाव सर्वेक्षण करणाऱ्याला येत नसेल, तर तो पाला कागदावर येतच नाही. मग अहवाल म्हणतो की या घरात पालेभाजी खाल्ली जात नाही.

तक्त्यातला आकडा कसा तयार होतो, हेही वाचकाने जाणून घ्यावं, कारण आजीची उमेदीची वर्षं त्यात गेली. प्रथिनं थेट मोजता येत नाहीत. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करायचा, तो मोजायचा आणि आलेल्या आकड्याला साधारण ६.२५ने गुणायचं. केल्डाल पद्धत म्हणतात हिला. एका तुरीच्या डाळीच्या नमुन्यामागे तास न् तास उभं राहावं लागे. वाफ छातीत जाई. आजीच्या त्या काळातल्या पातळांच्या पदरांना बारीक बारीक भोकं पडलेली होती, ॲसिडच्या शिंतोड्यांनी. तिने ती पातळं टाकली नाहीत. माझ्या पहिल्या गोधडीत ती शिवली आहेत.

या शास्त्राच्या इतिहासात मुंबईचं स्थान मोठं आहे आणि आपल्याला त्याची आठवण कमी आहे. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत काम करण्यासाठी मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका पंडुरोगाने मरत होत्या. रक्ताच्या पेशी कमी, पण असतील त्या फुगून मोठ्या झालेल्या. लोह देऊन उपयोग होत नव्हता. विल्सने जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग तिने त्या बायका काय खातात ते पाहिलं. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं मार्माइट, दिल्यावर रोगी बायका आश्चर्यकारक वेगाने सुधारल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय होतं, याचा उलगडा व्हायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं, आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. आज जगभर गरोदर बाईला पहिल्या भेटीत जी गोळी दिली जाते, तिचा उगम गिरणगावातल्या बायकांच्या रिकाम्या ताटात आहे. आजीला ही गोष्ट सांगताना मी अनेकदा ऐकलं आहे, आणि दर वेळी ती एकाच ठिकाणी थांबायची: "तिने त्यांना विचारलं ना, काय खाता म्हणून."

दुसरं नाव कमला सोहोनी यांचं. माहेरच्या त्या भागवत. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन संचालक असताना, मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून त्यांना घेतलं गेलं, वर्षभर पारखलं गेलं, आणि त्यांच्या कामाने तो दरवाजा पुढच्या मुलींसाठी उघडला. केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या द्रव्यावर काम करून १९३९ साली त्यांनी पीएच. डी. मिळवली. तिथेच राहून नाव कमावता आलं असतं. त्या परत आल्या, कुन्नूरच्या प्रयोगशाळेत काम केलं, आणि मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यं, नीरा, ताडगूळ अशा गरिबाच्या तोंडी येणाऱ्या पदार्थांवर विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतलं. आजीच्या पिढीतल्या मुलींनी त्या काळात विज्ञानाची वाट धरली, तेव्हा घरच्यांना दाखवायला त्यांच्यापाशी हे एक उदाहरण होतं. कमलाबाईंच्या थोरल्या बहीण दुर्गा भागवत. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक, आणि 'खमंग' हे पाककृतींचं पुस्तकही त्यांचंच. एक बहीण अन्नाचे रेणू पाहत होती, दुसरी अन्नाच्या गोष्टी. मराठीत या दोन वाटा नंतर फारशा एकत्र आल्या नाहीत, याची मला खंत आहे. पाकपुस्तकं शास्त्राला घाबरली आणि आहारशास्त्राची पुस्तकं चवीला विसरली. आजीच्या वह्यांत दोन्ही आहे: उष्मांकांच्या रकान्याशेजारी 'ठेचा झणझणीत, लसूण ओला' अशी नोंद असते.

आता वादांकडे वळते, कारण नोंदींचा अर्थ त्यांच्याशिवाय लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन-अडीच दशकं जगभर 'प्रथिनां'ची होती. गरीब देशांतली मुलं खुरटतात ती प्रथिनांच्या तुटीमुळे, तेव्हा त्यांना प्रथिनयुक्त पिठं, भुकट्या, बिस्किटं द्या, असा तो विचार. हैदराबादेत गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा प्रत्यक्ष आहार तपासला आणि दाखवून दिलं, की मुलांचं नेहमीचं डाळ-धान्याचं जेवणच पोटभर मिळालं, तर प्रथिनांची तूट बहुतांशी आपोआप भरून निघते. तूट प्रथिनांची नाही, भाकरीचीच आहे. ही गोष्ट ऐकायला साधी वाटते, पण तिने कारखान्यातल्या डब्याकडे लागलेली नजर पुन्हा घरातल्या चुलीकडे वळवली. याच गोपालन यांनी दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या मजुरांतल्या पेलाग्रा रोगाचाही अभ्यास केला. ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जास्त प्रमाणाशी त्यांनी तो जोडला. त्या स्पष्टीकरणावर पुढे वाद झाले. पण वादापलीकडची एक गोष्ट आजी नेहमी सांगे: हा रोग ज्वारीबरोबर डाळ, दूध, भाजी खाणाऱ्याला होत नव्हता. नुसती ज्वारीच वाट्याला आली, त्याला होत होता. आज भरडधान्यांचा गौरव होतो आहे, २०२३ हे त्यांचं आंतरराष्ट्रीय वर्षही झालं, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण एकटं धान्य कुणाला तारत नाही, एवढं या इतिहासातून लक्षात ठेवायला हवं.

दुसरा वाद पुण्यात पेटला. १९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 'भारतातील दारिद्र्य' या अभ्यासात माणशी रोज २,२५० उष्मांक ही किमान गरज धरून गरिबी मोजली. पुढे १९७९मध्ये नियोजन मंडळाच्या गटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० असे आकडे ठरवले. त्यावर आक्षेप घेतला तो डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. साताऱ्याकडच्या बुध गावचे सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. अन्न व कृषी संघटनेत रोमला दोन दशकं काम करून ते पुण्यात स्थायिक झाले होते. त्यांचं म्हणणं, की शरीर काही ठरीव उष्मांक जाळणारी भट्टी नाही. त्याच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी असं म्हणता येत नाही. नुसतं अन्न ओतून भागणार नाही. स्वच्छ पाणी, आरोग्य, संडास हवेत. गोपालन यांनी याला कडाडून विरोध केला. खुरटलेल्या शरीराला 'जुळवून घेतलेलं' म्हणणं म्हणजे उपासमारीला नियम बनवणं, असं त्यांना वाटत होतं. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. स्वच्छ पाण्याबद्दल सुखात्मे काळाच्या पुढे होते आणि आज त्यांचं म्हणणं जास्त पटतं. पण 'शरीर जुळवून घेतं' हा शब्दप्रयोग ज्या सरकारी टेबलांवर पोचला, तिथे त्याचा उपयोग कसा होणार हे गोपालन यांनी बरोबर ओळखलं होतं.

या सगळ्या वादांत एक गोष्ट दोन्ही बाजूंना समान होती: घर. हिशेब घराचा व्हायचा. घरात एकूण किती धान्य शिजलं ते तोलायचं, आणि मग ते माणसांच्या संख्येने नव्हे, 'एककां'नी भागायचं. बैठं काम करणारा पुरुष म्हणजे १ एकक. तसंच काम करणारी बाई ०.८. लहान मूल त्याहून कमी. घरात येणारं अन्न प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाटलं जातं, हे यात गृहीत धरलेलं आहे. हिशेबासाठी काहीतरी गृहीत धरावंच लागतं. पण आजी चुलीपुढे बसून तोलत होती आणि तिला दिसत होतं, की वाटप गरजेप्रमाणे होत नाही, क्रमाप्रमाणे होतं. आधी पुरुष आणि पाहुणे, मग मुलगे, मग मुली, मग म्हातारी, आणि शेवटी जिने रांधलं ती. "तुम्ही बसा, मी मागून बसते," हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात रोज उच्चारलं जातं. एककांच्या हिशेबात या वाक्याला जागा नव्हती.

मग आजीने स्वतःच्या वहीत एक जादा रकाना आखला. त्याचं नाव 'मागून'. कोण कितव्या पंगतीला बसलं, तेव्हा टोपल्यात किती भाकऱ्या उरल्या होत्या, कालवण पातळ केलं का, शेवटी बसणारीने कोरड्यास घेतलं की नुसत्या मीठ-तिखटाशी भाकरी खाल्ली. रकाना भरायचा तर सकाळी वजन करून निघून जाता येत नसे. घरातली शेवटची बाई जेवेपर्यंत थांबावं लागे. तिचे सहकारी गाडीत वाट बघत. एकदा वरिष्ठांनी तिला बोलावून सांगितलं, की हा रकाना छापील नमुन्यात नाही, त्याचं पुढे काही करता येणार नाही, तुमचा वेळ जातो. तिने नमुना त्यांच्या पद्धतीने भरून दिला आणि रकाना आपल्या वहीत चालू ठेवला. त्या जागेचं, त्या माणसाचं नाव तिने मला कधी सांगितलं नाही, मीही शोधलं नाही. पुढे व्यक्तिवार आहार विचारण्याची रीत सर्वेक्षणांत रुळली, हे तिने समाधानाने पाहिलं. 'मीच आधी केलं होतं' असं मात्र ती कधी म्हणाली नाही, कारण निरनिराळ्या ठिकाणी अनेक बायकांनी हे पाहिलं असणार याची तिला खात्री होती.

१९७२च्या दुष्काळातली वही या संग्रहाचा गाभा आहे. रोजगाराच्या कामावर बायका खडी फोडत होत्या, माती वाहत होत्या. सुकडी नावाचा तयार कोरडा खाऊ वाटला जात होता, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी होत्या. त्या थापताना तुटतात, अशी तक्रार पानोपानी आहे. इथे पहिल्यांदाच आजीच्या अक्षरात घाई दिसते. एका नोंदीत एक बाई सांगते, की कामावर मिळालेली सुकडी ती पदरात बांधून घरी नेते. 'स्वतः किती?' या प्रश्नापुढे आजीने शून्य लिहिलं आहे आणि ते दोनदा गिरवलं आहे. पुढच्याच पानावर, दुसऱ्या गावात, उलट गोष्ट आहे: सगळ्या बायका कामाच्या जागीच गोल करून बसतात आणि सुकडी तिथेच संपवतात, घरी नेऊ द्यायच्याच नाहीत असं त्यांनी आपसांत ठरवलं आहे. या नोंदीखाली आजीने त्या बायकांची वयं ओळीने लिहिली आहेत, एकेकीचं. मला ती यादी फार आवडते.

हे सगळं आज का छापायचं, असं विचारलं जाईल. उत्तराचा एक भाग आकड्यांत आहे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या साधारण ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली. तिला पन्नास वर्षं होत आली किंवा होऊन गेली, तरी हे चित्र आहे.

दुसरा भाग पुण्याजवळच्या खेड्यांत सापडतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केईएम रुग्णालयातून १९९३ साली सहा गावांमधल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोच्या आसपास. पण या हडकुळ्या बाळांच्या अंगात मांस कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. आईची उपासमार बाळाच्या शरीरात पुढच्या मधुमेहाची तयारी करून ठेवते, हा विचार या कामामुळे जगभर गेला. ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध होतं, त्यांची बाळं मोठी होती, हेही याच अभ्यासात दिसलं. म्हणजे ओच्यातला तो पाला, ज्याचं नाव सर्वेक्षण करणाऱ्याला येत नव्हतं, तो दोन पिढ्यांच्या आरोग्याशी बांधलेला निघाला. या अभ्यासावरचा निबंध आजीने भिंगातून वाचला. वाचून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो पाला तरी बाईला पुरला का, बघायला हवं. तोही सासरे-दिरांना वाढून संपतो."

आणि तिसरा भाग आपल्या आजच्या घरांचा आहे. हातात फोन आहे आणि फोनमध्ये रोज नवा आहार: कुणी भात सोडायला सांगतं, कुणी दिवसातून दोनदाच खायला सांगतं, कुणी प्रथिनांची भुकटी विकतं. प्रथिनांचा जुना भ्रम नव्या डब्यांत परत आला आहे. 'काय खावं' याचा सल्ला देणारे असंख्य आहेत. 'कुणी किती खाल्लं' हे थांबून पाहणारं कुणी नाही. नोकरी करून आलेली सून आजही सगळ्यांना गरम पोळ्या वाढून मग गार पोळी खाते, आणि रक्त तपासून आल्यावर गोळ्या लिहून घेते. या दोन गोष्टींचा संबंध आजीच्या वहीने लावला होता. तो आज लावायचा, तर ती वही लोकांसमोर यायला हवी, असं मला वाटलं.

संपादन करताना मी कमीत कमी ढवळाढवळ केली आहे. माणसांची नावं आणि गावांची नावं काढली आहेत, कारण त्या बायकांनी आजीला सांगितलं होतं, जगाला नव्हे. जिल्हा आणि हंगाम ठेवला आहे. मापटं, चिपटं, कोळवं ही मापं तशीच ठेवली आहेत. ती गावोगाव वेगळी भरतात, म्हणून आजी आधी त्या घरातलं मापटं धान्याने भरून तोलून घ्यायची. ते वजन कंसात दिलं आहे. पाककृती येतात, पण हे पाककृतींचं पुस्तक नाही. शास्त्रीय अहवालही नाही. या नोंदींवरून टक्केवारी काढू नये, कारण घरं सोयीने नव्हे तरी योगायोगाने निवडलेली आहेत, हे आजीने स्वतःच पहिल्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं आहे. नोंदींमधे मी माझ्या आठवणी घातल्या आहेत. त्या कुणाला अस्थानी वाटतील. पण ही वही लिहिणारी बाई संध्याकाळी घरी येऊन आमच्यासाठी थालीपीठ लावत होती, आणि तिला वेगळं काढून तिचे आकडे छापणं मला जमलं नाही.

सत्ताविसावी वही तिच्या शेवटच्या वर्षाची आहे. हात थरथरायला लागल्यावर ती सांगायची आणि मी लिहायचे, तिचंच खाणं. मऊ भात अर्धी वाटी, वरण दोन चमचे, तूप. "वाटी कुठली, ते लिही," ती डोळे मिटूनच म्हणायची. "शिजलेलं वजन की कच्चं?" एका दुपारी तिला भरवून, तोंड पुसून, मी लिहीत बसले होते. तिने डोळे उघडले.

"तू जेवलीस?"

"मागून बसते ग. तुझं आवरू दे."

तिने हात पुढे केला आणि पेन मागितलं. मग मला ताट आणायला लावलं, तिच्या खाटेशेजारी खाली बसायला लावलं, आणि मी जेवून उठेपर्यंत बघत राहिली. वहीतली शेवटची नोंद तिच्या हातची आहे. अक्षर ओळ सोडून खाली घसरलं आहे, पण वाचता येतं: नात. वय ३४. भाकरी दीड, मध्यम. मेथी एक वाटी, मोठी. ताक. मागून. वेळ ३.१५.